जीन्स घातली म्हणून माया संपले?

रानवाट:
कालच्या ग्वाटेमालाच्या प्रवासवर्णनातलं वाक्य: "खरे माया डोंगरातच उरलेत, शहरातले जीन्स घालून लादिनो झाले." (माया म्हणजे तिथले मूळ रहिवासी, लादिनो म्हणजे स्पॅनिश भाषा-राहणीचे, माया न मानले जाणारे लोक.) वाचून डोकंच फिरलं. 2018 च्या जनगणनेत 41.7 टक्के लोकांनी स्वतःला माया म्हटलंय. ते सगळे काय डोंगरात राहतात? त्याच वर्षी केत्सालतेनांगो शहरात मी चार महिने एका घरी राहिले. बहीण उईपील (माया बायकांचं पारंपरिक विणलेलं पोलकं) घालून बाजारात बसायची, भाऊ शर्ट-पँट घालून बँकेत जायचा. आईशी दोघंही किचेतच, म्हणजे किचे या माया गटाच्या भाषेतच बोलायची. मग भाऊ कोण?

पांथस्थ:
वाक्य माझंच. लादिनो हे रक्तावरून नाही, राहणीवरून ठरतं. पोशाख गेला, भाषा गेली की झाला लादिनो. तिथलेच लोक असं सांगतात. त्या भावाच्या मुलांना किचे येते का?

रानवाट:
कळते, बोलता येत नाही. आजोबांनी शाळेत किचे बोलल्याबद्दल छड्या खाल्ल्यात. ग्वाटेमालातल्या यादवीतल्या (1960–96) ज्या बळींची ओळख पटली त्यांत 83 टक्के माया होते. त्यामुळे भाषा 'गेली' म्हणू नका, घालवली गेली.

माजघर:
पुरुषांनी पँट चढवली तर चालतं, ओळख सांभाळायची ती बायकांनीच का? 2002 मध्ये इर्मा आलिसिया वेलास्केस निमातुह या किचे मानववंशशास्त्रज्ञ बाईंना राजधानीतल्या एका बारने पारंपरिक पोशाखामुळे दारातच अडवलं. शिकलेल्या बाईची ही गत!

पांथस्थ:
विषय भरकटतोय.

माजघर:
अजिबात नाही! कमरेला पट्टा बांधून मागावर एक उईपील विणायला महिने जातात. माझी काक्चिकेल (हाही एक माया गट) मैत्रीण मुलाखतीला जाताना ती घडी करून पिशवीत ठेवायची आणि परतताना बस स्टँडवर पुन्हा घालायची. तेवढ्या वेळापुरती ती लादिनो झाली का?

चिंचगूळ:
मेक्सिकोतल्या युकातानात तर उईपील घालणाऱ्या बाईला 'मेस्तिसा' (शब्दशः मिश्र वंशाची) म्हणतात. घरी माया भाषा बोलणारे कित्येकजण स्वतःला माया म्हणवतच नाहीत. त्यांच्यावर तुम्ही 'माया' लादणार का?

रानवाट:
नाही. हा मुद्दा मान्य.

पांथस्थ:
बरं, 'खरे' काढतो. 'लादिनो झाले' मात्र राहणार.

रानवाट:
राहू द्या, पण त्यांनी स्वतः म्हटलं असेल तरच. गणनेवाला आला तेव्हा मी ओसरीवरच होते. भाऊ म्हणाला, "माया, किचे." शेजारून त्याचा धाकटा मुलगा म्हणाला, "मीपण." स्पॅनिशमध्ये.