शुक्रवारी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून काय म्हणतात?

अंगणवेल:
नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे पेणकडचे, आता ठाण्यात राहतो. मला सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे.

लहानपणी दर शुक्रवारी संध्याकाळी आई दिवा लावायची. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल आणि तरंगती वात. दिवा लागला की बाबा मला जवळ बोलवायचे आणि दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवायचे. ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. साबणाने कितीही घासले तरी हातांना ग्रीसचा वास राहायचाच, आणि मला तो आवडायचा. मग ते अगदी हळू आवाजात हिब्रूत काहीतरी म्हणायचे. सुरुवातीला 'के-सारा' असं काहीतरी यायचं. हात केसांवर असायचा म्हणून मला वाटायचं, केसांबद्दलच चाललंय. पुढचं एवढंच आठवतं की आधी एक छोटी ओळ, मग जरा मोठी, मग त्याहून मोठी, आणि शेवटी 'शालोम'. त्यानंतर बाबा मराठीत म्हणायचे, "शहाणी हो." झालं, मग किद्दूश, म्हणजे पेला हातात घेऊन म्हणायची शब्बाथची (शुक्रवार संध्याकाळपासूनच्या विश्रांतीच्या दिवसाची) प्रार्थना.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. ते नक्की काय म्हणायचे, हे मी कधी विचारलंच नाही. आईलाही शब्द येत नाहीत, 'ते बाबांचं काम होतं' म्हणते. नवऱ्याच्या घरी ही पद्धत नव्हती. मला माझ्या मुलांसाठी हे सुरू करायचं आहे. शब्द कुणी देईल का? आईने म्हटलं तर चालतं का? आणि माझं हिब्रू जेमतेम आहे, मराठीत म्हटलं तर तो आशीर्वाद धरतात का?

झोपताना, सकाळी म्हणायचं काही असेल तर तेही सांगा.

समईवात:
अगं, तुझं वाचून डोळे भरून आले. मी अलिबाग तालुक्यातली, गेली पस्तीस वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला आहे. बाबा काय म्हणायचे ते तू स्वतःच सांगितलंयस, फक्त तुला ते माहीत नाही.

'के-सारा' म्हणजे 'सारेसारखी'. मुलीसाठी म्हणतात:

येसिमेख एलोहीम के-सारा, रिव्का, राखेल वे-लेआ.

देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआ यांच्यासारखी करो. मुलासाठी:

येसिम्खा एलोहीम के-एफ्राइम वे-खि-मनश्शे.

आणि तुझ्या त्या छोटी, मोठी, त्याहून मोठी अशा ओळी म्हणजे कोहेनांचा, आपल्या पुरोहितांचा, आशीर्वाद. तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या 'गणना' पुस्तकाच्या ६व्या अध्यायातला. दोघांसाठी सारखाच:

येवारेखेखा अदोनाय वेयिश्मेरेखा.
याएर अदोनाय पानाव एलेखा विखुनेक्का.
यिस्सा अदोनाय पानाव एलेखा वेयासेम लेखा शालोम.

मोजून बघ. हिब्रूत पहिल्या ओळीत ३ शब्द, दुसरीत ५, तिसरीत ७. तू लहान असूनही तुझ्या कानांनी ते बरोबर टिपलं होतं. अर्थ असा: देव तुला आशीर्वाद देवो आणि तुला सांभाळो. देव आपल्या मुखाचा उजेड तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो. देव आपलं मुख तुझ्याकडे वळवो आणि तुला शांती देवो.

मुलीसाठी आपल्या चार आद्य मातांची नावं, मग मुलासाठी आद्य पिते अब्राहाम, इसहाक, याकोब का नाहीत, हा प्रश्न तुझी लेक कधीतरी विचारेल. तोरातल्याच 'उत्पत्ती' पुस्तकाच्या ४८व्या अध्यायात म्हाताऱ्या याकोबापुढे त्याचा मुलगा योसेफ आपली दोन मुलं आणतो. थोरला मनश्शे याकोबाच्या उजव्या हाताला यावा, असा तो त्यांना उभा करतो. याकोबाला दिसत नव्हतं, तरी त्याने हात आडवेतिडवे टाकले आणि उजवा हात धाकट्या एफ्राइमच्या डोक्यावर ठेवला. योसेफ हात उचलायला गेला तर याकोब म्हणाला, ठाऊक आहे बाळा, मला ठाऊक आहे. आणि तिथेच तो म्हणतो की इस्राएल लोक यापुढे याच दोघांच्या नावाने आशीर्वाद देतील. आमचे वडील आणखी एक सांगायचे: त्याआधीच्या सगळ्या भावांची भांडणं झाली, काइन-हाबेल झाले, याकोब-एसाव झाले, योसेफाला तर भावांनीच विकलं. धाकट्यावर उजवा हात पडूनही मनश्शे एफ्राइमवर रुसला, असं कुठे लिहिलेलं नाही. शिवाय ही दोघं परमुलखात, मिसर देशात जन्मली आणि तिथेच वाढली. कोकणात शेकडो वर्षं तेल गाळून, शनिवारी मात्र काम बंद ठेवून, 'शनिवार तेली' म्हणवून घेणाऱ्या आपल्या लोकांना हा आशीर्वाद किती जवळचा वाटला असेल!

आईने म्हटलं तर चालतं का? चालतंच. आईवडिलांनी मुलांना आशीर्वाद देणं हा रिवाज आहे, आणि पुष्कळ घरांत दोघंही देतात. माझ्या सुनेच्या घरी तर आईच देते.

मराठीचं म्हणशील तर मिश्नामध्ये, म्हणजे आपल्या धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, सोटा या भागाच्या सातव्या अध्यायात, काय कुठल्याही भाषेत म्हणता येतं आणि काय हिब्रूतच म्हणायचं याची यादीच आहे. शेमा, म्हणजे 'ऐक, इस्राएला' ही प्रार्थना, कुठल्याही भाषेत चालतो. कोहेनांचा आशीर्वाद हिब्रूतच, पण तो कोहेन उभे राहून लोकांना देतात तेव्हाचा नियम. घरात लेकराच्या डोक्यावर ठेवलेल्या हाताला तो लागू नाही. आणि मराठी आपल्याला नवी नाही. पुण्यात १८७४ साली पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, हागादा, मराठी भाषांतरासकट छापली गेली. १८८० नंतर मुंबईत आपले लोक कीर्तनं करायचे, बायबलातली चरित्रं मराठी चालींवर. माझी आजी भाकऱ्या थापताना त्यातल्या साक्या म्हणायची. तेव्हा मराठीत म्हण, मनापासून म्हण. पण रोज एकेक ओळ हिब्रूही शीक. बाबांचा आवाज त्या शब्दांत आहे.

निळीशाई:
मावशींनी सगळं सांगितलंच आहे, मी थोडी भर घालतो. जेरुसलेममध्ये केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत १९७९ साली चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या सापडल्या. सुमारे २,६०० वर्षांपूर्वीच्या. त्यांवर हाच आशीर्वाद कोरलेला आहे, थोडा आटोपशीर. इस्राएल म्युझियममध्ये काचेआड त्या पाहिल्या. पूर्ण उलगडल्यावरही मोठी दहा सेंटिमीटर भरत नाही, धाकटी चारच्या आसपास. ताईतासारख्या गळ्यात घालत असावेत म्हणतात. आपल्याकडेही ताईत असाच लहान मुलांच्या गळ्यात बांधतात ना? मी तिथून हललोच नाही, मागच्या गटाने शेवटी बाजूला व्हायला सांगितलं.

झोपताना: उजवा हात डोळ्यांवर ठेवून 'शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनु, अदोनाय एहाद'. मुलगा लहान आहे, तेवढी एक ओळ पुरे. मुलीला पुढे 'हामल्आख हागोएल' ('सोडवणारा देवदूत') शिकवता येईल, ते याकोबाचेच शब्द आहेत, त्याच ४८व्या अध्यायातले.

सकाळी डोळे उघडल्याबरोबर 'मोदे आनी', म्हणजे 'मी आभार मानतो'. मुलगी 'मोदा आनी' म्हणते. यात देवाचं नाव येत नाही, म्हणून हात धुवायच्या आधी अंथरुणातच म्हणता येतं. आमच्याकडे धाकटी ते चालीवर म्हणते, चाल लागल्यामुळे चार दिवसांत पाठ झालं. तुम्ही स्वतः पाठांतर कराल तेव्हा 'अदोनाय' या देवाच्या नावाच्या जागी 'हाशेम' (म्हणजे नुसतं 'ते नाव') म्हणा, बऱ्याच घरांत तसंच करतात. प्रत्यक्ष आशीर्वाद देताना नाव घ्यायचं.

समईवात:
आणि शालोम अलेखेम विसरू नकोस गं! शुक्रवारी जेवायला बसण्याआधीचं गाणं. चार कडवी, प्रत्येक कडवं तीनदा, त्यामुळे मुलांना आपोआप येतं. पहिल्या कडव्यात शब्बाथच्या देवदूतांना सलाम, दुसऱ्यात या म्हणायचं, तिसऱ्यात आशीर्वाद द्या, चौथ्यात सुखाने जा. माझा नातू 'या' म्हणताना दार उघडतो आणि चौथ्याला हात हलवून निरोप देतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

अंगणवेल:
मावशी, दादा, काय बोलू. बुधवारपासून स्वयंपाक करताना ओळी घोकत होते, ओट्यावरच्या फरशीला कागद चिकटवून. काल शुक्रवार होता. आईलाही बोलावलं होतं. मनुकांचं सरबत सकाळीच भिजवून केलं होतं, आमच्याकडे किद्दूशला तेच असतं.

दिवा लावला. लेक समोर उभी राहिली. पहिली ओळ नीट आली. 'याएर'ला अडखळले, तर मागून आई म्हणाली, "पानाव एलेखा." मी वळून बघितलं. तिलाही कळलं नव्हतं की तिला येतं. मग पुढचं दोघींनी मिळून म्हटलं. शालोम झाल्यावर माझ्या तोंडून आपसूक "शहाणी हो" गेलं आणि आईने पदर डोळ्यांना लावला.

मुलगा एके जागी उभा राहायला तयार नव्हता. त्याला कडेवर घेऊन म्हटलं, एक हात त्याच्या पाठीखाली, एक डोक्यावर. तो माझ्या ओठांकडे बघत होता. संपल्यावर त्याने त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

एक विचारायचं राहिलं. आई आता म्हणते, बाबा एफ्राइमचा आशीर्वाद माझ्या मामेभावालाही द्यायचे, तो सुट्टीत आमच्याकडे यायचा तेव्हा. म्हणजे आपली नसलेली मुलं घरात असली तर त्यांनाही देतात का? पुढच्या आठवड्यात जाऊबाईंची दोघं येणार आहेत.

समईवात:
देतात. ताटात वाढतेस ना त्यांना? मग हातही ठेव.