आयरिश क्रोशे लेसला ‘छंद’ म्हणायचं का?

मधुरा_क
आयर्लंडच्या जुन्या क्रोशे लेसचे, म्हणजे आकडीच्या सुईनं विणलेल्या जाळीकामाचे, फोटो दिसले की खाली ‘किती सुंदर छंद!’ असं लोक लिहितात. मला ते टोचतं. 1845 पासून बटाट्यावर करपा पडला, सुमारे 10 लाख माणसं दगावली. त्याच दुष्काळात, 1847 च्या सुमारास, मोनाहन परगण्यातल्या क्लोन्स गावी पाद्र्याच्या पत्नीनं, कॅसांड्रा हँड यांनी, बायकांना क्रोशे शिकवायची सोय केली. पोटासाठी हातात घेतलेली सुई होती ती. मजुरी नगावर, घरात पीटचा (जळणासाठी वापरायच्या दलदलीतल्या मातीचा) धूर, आणि दोरा मात्र पांढराशुभ्र हवा!

सुई_दोरा
कष्ट होतेच. पण नुसतं दुष्काळी काम म्हणून बाजूला सारू नका हो. पानं, गुलाब, शॅमरॉक (तीन दलांचं पान) सगळं सुटं विणायचं, जाड दोऱ्यावरून मुके खांब (क्रोशेचे आखूड टाके) घालत, म्हणजे कडेला उठाव येतो. मग नग कापडावर टाचून मधली जागा जाळीनं भरायची. क्लोन्सच्या जाळीत गोल गाठ असते, सुईवर दोरा पुन्हा पुन्हा गुंडाळून केलेली. ती जमेपर्यंत मी चार संध्याकाळी नुसती उसवत बसले होते. व्हेनिसच्या लेसची नक्कल म्हणून सुरू झालेल्या कामात या बायकांनी आपलं डोकं घातलं. त्याला कला नाही तर काय म्हणायचं?

अण्णा_विणकर
कला आहेच, पण भाव कोण ठरवायचं? व्यापारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या फॅशनमध्ये ही लेस मिरवत होती. पुढे यंत्राची लेस स्वस्त पडली, पहिलं महायुद्ध आलं, मागणी बसली. विणणारीला त्यात कुणी विचारलं नाही.

सुई_दोरा
अण्णा, तरी बाईच्या हातात पैसा आला. घरभाडं भागलं, कित्येकींचं अमेरिकेच्या बोटीचं तिकीट त्यातून निघालं.

मधुरा_क
तेच म्हणतेय मी. ज्या कामाच्या पैशावर मुली गाव सोडून गेल्या, त्याला विरंगुळा म्हणू नका. आज कुणी अशी कॉलर विकत असेल तर किती तास लागले ते चिठ्ठीवर लिहावं.

सुई_दोरा
तास लिहा, अगदी मान्य. शेजारी विणणारीचं नावही लिहा.