थीसिसची सिमिलॅरिटी 27 टक्के आली, आता काय करायचं?

प्रश्न: समाजशास्त्राचा इंग्रजी थीसिस आहे. टर्निटिनवर (मजकुराचं साम्य तपासणारं सॉफ्टवेअर) 27 टक्के आले. त्यातले 11 टक्के स्वतःच्याच छापून आलेल्या पेपरशी जुळतात, बाकी बरंचसं कायद्याची कलमं आणि रेफरन्सेस. विद्यापीठाला 10 च्या आत हवंय. वाक्यं फिरवून लिहायची का?

ग्रंथालयवाला: आधी फिल्टर लावा, लिहायचं नंतर बघू. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमांत संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे आणि श्रेय दिलेली अवतरणं मोजायचीच नाहीत. सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सुटतं. अवतरणं वगळली जात नसतील तर चिन्हं तपासा, टर्निटिन एकेरी चिन्हं धरत नाही, दुहेरी लागतात. कलमं फिल्टरने जात नाहीत, ती रिपोर्टमध्ये एकेक सोर्स उघडून काढावी लागतात. आणि मसुदा तपासताना 'नो रिपॉझिटरी' (टर्निटिनच्या साठ्यात प्रत न ठेवण्याचा पर्याय) निवडा, नाहीतर पुढच्या वेळी तुमचाच मसुदा तुमच्यावर उलटतो.

गाइड: पेपरचे 11 टक्के असे गुपचूप वगळू नका. आपलाच मजकूर श्रेय न देता पुन्हा वापरणं यूजीसीला चालत नाही, मार्च 2020 ची सूचना तेच सांगते. प्रकरणाच्या सुरुवातीलाच कुठला पेपर, कुठे छापला, सहलेखक कोण ते लिहा. मग वगळण्यासाठी गाइडचं पत्र लागतं का, हे विद्यापीठात विचारा.

10 ते 40 टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारून देता येतं. 40 ते 60 मध्ये वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, 60 च्या वर नोंदणीच रद्द. पण निष्कर्षांत एकाच सोर्सचे सलग 4 टक्के असतील तर ते इकडेतिकडे विखुरलेल्या 12 टक्क्यांपेक्षा वाईट. शब्द फिरवणारी टूल्स तर नकोच: 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेले पेपर 2021 मध्ये असेच पकडले गेले.

पीडीएफ_तपासनीस: मराठी थीसिसवाल्यांसाठी: श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल तर 2 टक्क्यांचा रिपोर्ट पाहून हुरळू नका. डोळ्यांना देवनागरी दिसते, सॉफ्टवेअरला मात्र रोमन अक्षरांची खिचडी मिळते, मग जुळणार काय? पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसली तर ठीक, नाहीतर आधी युनिकोडमध्ये बदला. स्कॅन केलेल्या पानांवर तर कॉपी करायला अक्षरच सापडत नाही.