मदत हवी आहे: पासपोर्टवर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं

नमस्कार मंडळी, आम्ही इंग्लंडला डेव्हनमधल्या एका खेड्यात राहतो, येत्या गुरुवारी डिस्ट्रिक्ट कौन्सिलची निवडणूक आहे. कॉमनवेल्थवाल्यांना लोकल इलेक्शनला मत देता येतं म्हणून मी हौसेने नाव नोंदवलं पण सासरच्या आडनावाने, आणि भारतीय पासपोर्टवर अजून माहेरचंच आहे. 2023 पासून फोटो आयडी लागतो, पासपोर्ट चालतो हे माहितीये, पण नाव जुळलं नाही तर? फोटो आयडी नसेल त्यांना फुकट मिळणाऱ्या व्होटर सर्टिफिकेटसाठी अर्ज करायची मुदत गेली. आमचा ग्रामपंचायतीचा विवाह दाखला मराठीत आहे, तो सोबत नेला तर चालेल का की भाषांतर लागेल? मला मत द्यायचंच आहे हो, समोरच्या शेतात घरं बांधायला परवानगी द्यायची का हे हीच लोकं ठरवणार आणि आत्ताच पाऊस पडला की आमच्या दारात घोटाभर पाणी असतं. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.