हॅकनी डायमंड्स आणि चार्लीची उणीव
रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा २०२३ चा 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम फार गुळगुळीत आहे आणि बँडचा जुना ड्रमर चार्ली वॉट्स याच्याशिवाय त्याला स्टोन्सचा म्हणवत नाही, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. निर्माता अँड्र्यू वॉट याने आवाज जरा जास्तच घासूनपुसून काढला आहे, हे खरे. त्यातले 'अँग्री' हे गाणे ऐकताना ते पहिल्या मिनिटातच जाणवते. मात्र २००५ च्या 'अ बिगर बँग'नंतर तब्बल १८ वर्षांनी नव्या रचनांचा संच येतो आणि ऐंशी वर्षांच्या गायक मिक जॅगरचा आवाज अजून चिरत जातो, हे चाहत्यांनी निदान मोकळेपणाने मान्य करायला हवे.

चार्ली २०२१ मध्ये गेला, तरी दोन गाण्यांत त्याचेच ड्रम्स आहेत. त्यांपैकी 'लिव्ह बाय द स्वोर्ड'मध्ये बँडचा जुना बास गिटारवादक बिल वायमनही परतला आहे, आणि ती जुनी जोडी वाजू लागली की गाणे किंचित मागे रेलून चालते. बाकी गाण्यांत ड्रम्स वाजवणाऱ्या स्टीव्ह जॉर्डनचा ठोका याहून अधिक सरळ आणि ठाम आहे. पाहुण्यांची गर्दी मला खटकली नाही, कारण 'स्वीट साउंड्स ऑफ हेवन'मध्ये गाणे संपल्यासारखे वाटत असतानाच लेडी गागा आणि जॅगर ते पुन्हा उचलतात, आणि हा सात मिनिटांचा ऐवज हेडफोन लावूनच ऐकावा. शेवटी, ज्या गाण्यावरून बँडने नाव घेतले ते ब्लूज गायक मडी वॉटर्सचे गाणे फक्त मिक आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स वाजवतात. तिथे गुळगुळीतपणा औषधालाही सापडत नाही.