अनुभव धागा : 'हेरेडिटरी' तुम्ही कुठं, कुणासोबत बघितलात? सोलापूरकरांनो लिहा

नमस्कार मंडळी. परवा भयपटांवर गप्पा निघाल्या तेव्हा जो तो एकाच पिक्चरचं नाव घेत होता, २०१८ चा 'हेरेडिटरी'. आरी ॲस्टरचा हा पहिलाच मोठा सिनेमा, दोन तासांच्या वर आहे आणि पहिला तासभर तर भूतबित फारसं काही दिसत नाही, तरी लोक सांगतात की नंतर झोप लागली नाही. म्हणून वेगळा धागा काढलाय. नुसतं 'लय भारी' नको, कुठं बसून बघितला आणि नेमकं कुठं पोटात गोळा आला ते लिहा. शेवटही फुटणार आहे इथं, न बघितलेल्यांनी आधी बघून या.

सुरुवात मी करतो. मला पहिल्याच शॉटला धडधडलं होतं. त्यातली आई, ॲनी, छोटी छोटी घरं बनवणारी कलाकार आहे. कॅमेरा तिच्या एका बाहुलीघराकडं सावकाश सरकत जातो, त्यातल्या एका बेडरूममध्ये शिरतो आणि ती खोली खरीच निघते, बाप दार उघडून पोराला उठवायला येतो कारण आजीच्या अंत्यविधीला जायचंय. कुठं कट जाणवत नाही. तिथंच मला कळलं की ह्या माणसांना कुणीतरी बाहेरून हलवतंय. घराचा सेट असा बांधला होता की भिंती काढता येतील, त्यामुळं कॅमेरा खोलीत मावणार नाही इतका लांब जाऊन बघतो, आणि सगळं घरच खेळण्यातलं वाटायला लागतं.

विजापूर रोडवरून, हॉस्टेलवाला
मे महिना, खोलीत थांबणं शक्यच नाही, म्हणून आम्ही चार पोरं लॅपटॉप घेऊन गच्चीवर. शेवटी शेवटी पीटर, म्हणजे त्यातला मोठा पोरगा, अंधारात पलंगावर उठून बसतो ना, तो सीन. काहीच होत नाही, तो नुसता बसलाय, म्युझिक पण नाही. मी म्हटलं पुढं ढकल, तर शेजारचा एकदम गप्प. हळूच म्हणाला, "वर बघ बे, कोपऱ्यात." आम्हाला काय दिसेना. ब्राइटनेस वाढवला तेव्हा दिसलं, आई छताच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून आहे, कधीपासून आहे काय की. डायरेक्टर दाखवतच नाही राव, तुम्ही शोधायचं! त्या रात्री गच्चीवर झोपायचं ठरलं होतं, कुणीच झोपलं नाही, घामाघूम होत खाली खोलीतच पडलो.

पूर्व भागातून
आमच्या घराखालीच मागाचं शेड आहे, लहानपणापासून खटखट ऐकतच झोपतो, तो आवाज असला की बरं वाटतं. पिक्चर मोबाईलवर हेडफोन लावून बघत होतो. चार्ली म्हणजे त्यातली धाकटी पोरगी जिभेनं टॉक करून आवाज काढते, बाकी काही नाही, नुसतं टॉक. ती गेल्यावर पण तो आवाज येतो. संपल्यावर हेडफोन काढले आणि तेवढ्यात लाईट गेली, माग बंद पडले, सगळी गल्ली शांत. मी कधी मागाच्या आवाजाची इतकी वाट बघितली नव्हती.

जुळे सोलापूरहून
मी आणि जाऊबाई दोघींनी दुपारी बघितला, पोरं शाळेत होती. मला भुतांचं काही वाटलं नाही, मला गाडीचा प्रसंग सहन झाला नाही. पार्टीत केकमध्ये सुकामेवा असतो, चार्लीला तो चालत नाही, श्वास कोंडतो, पीटर गाडी दामटतो आणि ती हवेसाठी खिडकीतून डोकं बाहेर काढते... पुढचं लिहीत नाही. पण त्यानंतर तो पोरगा मागं वळून बघत नाही, घरी येतो, कुणाला न सांगता पलंगावर पडतो. सकाळ होते, कॅमेरा त्याच्याच तोंडावर, आणि आईचा हंबरडा फक्त ऐकू येतो.

माझा भाऊ असाच अपघातात गेला, गाडी चुलत भाऊ चालवत होता. त्याला कुणी काही बोललं नाही, दहावा झाला, तेरावा झाला, वर्षश्राद्ध झालं, तो येतो, जेवतो, जातो. आणि पिक्चरमध्ये ते जेवणाच्या टेबलावरचं भांडण आहे, आई एकदाची फुटते, म्हणते कुणीच आपलं केलेलं कबूल करत नाही, मग पोरगा विचारतो, तिला पार्टीला जायचंच नव्हतं, पाठवली कुणी? आई झालेल्या टोनी कॉलेटनं काय काम केलंय! जाऊबाई म्हणाल्या टीव्ही बंद करू का. मी म्हटलं नको. आमच्याकडं असं एकदा ताट आपटून भांडण झालं असतं तर तो पोरगा आमच्याकडं मान वर करून बघू शकला असता, असं मला वाटतं.

सात रस्ता
मी थोडं विरोधात लिहितो. पहिले दीड तास अप्रतिम, पण पायमन नावाचा सैतानी राजा, त्याला पुजणारा पंथ, वहीतली चिन्हं हे सगळं समजावून सांगायला लागले की माझी भीती उतरली. आई वेडी होतेय की खरंच काही आहे, हे शेवटपर्यंत कळलं नसतं तर जास्त हादरलो असतो. त्याच वर्षी आपला 'तुंबाड' आला, त्यात पण हाव बापाकडून पोराकडं जाते, पण शेवटी पोरगा हात मागं घेतो. इथं तेवढी पण वाट ठेवली नाही.

परत जुळे सोलापूर
दादा, वाट नाही म्हणूनच तर. पीटरच्या वर्गात ग्रीक पुराणातल्या हेराक्लिसची गोष्ट शिकवत असतात, आणि चर्चा हीच असते की ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याचं दुःख मोठं की कमी. पीटरचं तिकडं लक्षच नाही.

नाव देत नाही, शहरातलीच आहे
ॲनी शोकगटात, म्हणजे जवळचं माणूस गेलेल्यांच्या बैठकीत, बसून सांगते की वडील अन्नपाणी सोडून गेले, भावानं जीव दिला, आईला पण मनाचा आजार होता. सपाट आवाजात सांगते, यादी वाचल्यासारखं. मी तिथंच थांबवला होता आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण केला. माझ्या मामाला पण मनाचा आजार आहे. आधी घरच्यांनी देवऋषी केले, दोरे बांधले, खूप उशिरा डॉक्टरकडं नेलं. आता गोळ्या चालू आहेत, मामा दुकानात बसतो, हिशेब बघतो, सणावाराला सगळ्यांत मिसळतो. पण घरात अजून कुणी आजाराचं नाव काढत नाही, आणि मी जरा चिडले की आई माझ्याकडं ज्या नजरेनं बघते ती मला कळते. त्या पिक्चरमध्ये माणसं मेल्यावर वह्या आणि फोटो सापडतात. मला जिवंतपणी सांगितलेलं हवंय. धाकटा भाऊ यंदा कॉलेजला गेला, त्याला मी मामाचं सगळं सांगणार आहे, आणि त्याच्यासोबत बसून हा पिक्चर बघावा असं मनात आहे. त्या वयाच्या पोरांसोबत कुणी बघितला असेल तर लिहा, आधी बोलावं की आधी दाखवावा?