दिवाळीची ऑफिस-भेट: माणशी २५० रुपयांत काय द्यावं?

रत्नागिरीतल्या ऑफिसात ४० जणांना एकसारखी भेट द्यायची आहे. २५० रुपये पॅकिंग धरून. वर्गणी नको, शिपायांनाही ती नाइलाजाने द्यावी लागते आणि साहेबांना वाटतं सगळे खुशीने देतात!

ऑक्टोबरच्या दमट हवेत पुठ्ठ्याच्या खोक्यातले काजू मऊ पडतात, व्हॅक्यूम पॅकचे पाव किलो बजेटबाहेर. आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली बूच सैल असलं की गळते. काहींना मधुमेह, म्हणून मिठाई बाद. बरेच जण एसटीने गावी जातात, तेव्हा काचेचं, जड काही नको.

आमसुलं आणि कुळथाचं पीठ, प्रत्येकी पाव किलो, असा विचार आहे. पण मिठामुळे आमसुलं ओल धरतात. वेगवेगळ्या सीलबंद पाऊचमध्ये भरून एकाच खोक्यात ठेवली, तर पंधरा दिवसांत पिठाच्या गुठळ्या होतील का? पाऊच साधं प्लास्टिकचं पुरेल की आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेलंच घ्यावं?